परदेशातील बाळंतपण : नव्वद दिवसांचा हिशेब

मुलीचे बाळंतपण माहेरी व्हावे, ही रीत आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी यावी, डिंक-खारीक-अळीव-सुंठ यांची बेगमी आधीच होऊन जावी आणि सव्वा महिन्यानंतर बाळाला घेऊन तिने सासरी परतावे, असा हा क्रम होता. आज व्यापारी घराण्यांतील अनेक मुले-मुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी परदेशी गेली आणि तेथेच स्थिरावली. मुलीला माहेरी येणे शक्य होत नाही, म्हणून माहेरच मुलीकडे जाऊ लागले आहे. दुकान मुलांवर सोपवून आजी विमानात बसतात. मात्र या माहेराला आता व्हिसाची मुदत असते आणि जन्मलेल्या बाळाला घरी येण्यासाठी सरकारी कागद लागतात. ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात फार उशिरा येते.

बार्शीच्या एका भुसार व्यापाऱ्यांची कन्या जालन्याच्या एका बियाणे व्यापाऱ्यांच्या घरी दिलेली आहे. पती-पत्नी दोघेही नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये, ॲमस्टरडॅमच्या दक्षिणेस लागून असलेल्या ॲमस्टलव्हेन या शहरात राहतात. पहिली मुलगी चार वर्षांची. दुसऱ्या बाळंतपणासाठी आजींनी तिकडे जावे, असे ठरले. त्या सहा महिन्यांत या दोन्ही घरांनी जे अनुभवले, ते परदेशी मुले असलेल्या प्रत्येक कुटुंबाला उपयोगी पडावे असे आहे.

वहीतील पहिले पान

नेदरलँड्स हा शेंगेन करारातील देश. तेथे अल्प मुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. पोहोचण्याचा आणि निघण्याचा, हे दोन्ही दिवस त्यात धरले जातात. आजींनी दुकानातली एक लाल वही सोबत घेतली होती. तिच्या पहिल्याच पानावर त्यांनी ९० आकडा लिहिला आणि खाली रोज एक वजा करीत गेल्या.

प्रसूतीची अपेक्षित तारीख २७ ऑक्टोबर होती. बाळ आधी आले तर पंचाईत होऊ नये, म्हणून आजी २१ दिवस अगोदर, ६ ऑक्टोबरला पोहोचल्या. बाळाने मात्र सात दिवस उशीर केला. ३ नोव्हेंबरला मुलगा झाला, त्या सकाळी आजींच्या वहीत २८ दिवस खर्ची पडलेले होते आणि ६२ शिल्लक होते. म्हणजे ३ जानेवारी हा त्यांचा शेवटचा दिवस. सव्वा महिन्याचे चाळीस दिवस वजा केले, तर हाती उरले केवळ बावीस. या बावीस दिवसांत बाळाचे कागद व्हावेत आणि लेक-नातवंडांसह एकाच विमानाने घरी यावे, असा आजींचा बेत होता. जालन्याला एक्क्याण्णव वर्षांच्या पणजी वाट पाहत होत्या. मारवाडी घरांत पणतू झाला की पणजोबा-पणजींना सोन्याच्या छोट्या शिडीवर पाऊल ठेवायला लावण्याची रीत आहे. सराफाकडून ती शिडी घडवून आणलेलीही होती.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा बंधनकारक आहे. आजींना रक्तदाबाचा त्रास असल्याने जावयांनी विम्याच्या अटी बारकाईने वाचल्या, कारण पूर्वीपासून असलेल्या आजारांचा खर्च अनेक योजनांत वगळलेला असतो. स्वस्त विमा घेऊन समाधान मानणे सोपे असते, परंतु परक्या देशात रुग्णालयाची एक रात्र त्या समाधानाची किंमत वसूल करू शकते.

दुसरी अडचण सामानाची. दूध व दुग्धजन्य पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. आजींनी भरलेला तुपाचा डबा त्यामुळे बार्शीलाच राहिला. डिंक, सुंठ, अळीव व बडीशेप एवढेच सोबत गेले. ॲमस्टलव्हेनच्या स्वयंपाकघरात त्यांनी तिथले बिनमिठाचे लोणी कढवून तूप केले. हॉलंड हा दुधदुभत्याचा देश. तूप इतके रवाळ निघाले की आजींनी पुढे बार्शीच्या तुपाची आठवण काढली नाही.

घरी येणारी परिचारिका

त्या देशातील व्यवस्था आजींना प्रथम चमत्कारिक वाटली. निर्धोक गर्भारपण तेथे डॉक्टरांऐवजी प्रशिक्षित सुईणी सांभाळतात. घरी प्रसूत होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण तेथे युरोपातील इतर देशांपेक्षा आजही पुष्कळ अधिक आहे. रुग्णालयात सुखरूप सुटका झाली, तर काही तासांतच आई-बाळाला घरी पाठवितात. सकाळी बाळंत झालेली लेक संध्याकाळी स्वतःच्या पायांनी जिना चढून घरी आली, तेव्हा आजींच्या डोळ्यांना पाणी आले. आपल्याकडे शेजारणीलाही इतक्या लवकर घरी धाडीत नाहीत, असे त्या म्हणाल्या.

परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक परिचारिका उभी राहिली. ‘क्रामझोर्ख’ या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था नेदरलँड्सचे वैशिष्ट्य आहे. पहिले आठ-दहा दिवस रोज काही तास परिचारिका घरी येते. तिचा बहुतांश खर्च मूळ आरोग्य विम्यातून होतो आणि कुटुंबाने तासाला काही युरो भरायचे असतात. तिच्या येण्यापूर्वी बाळंतिणीचा पलंग ठोकळ्यांवर चढवून सुमारे ८० सेंटीमीटर उंच करावा लागतो, जेणेकरून तपासताना परिचारिकेची पाठ मोडू नये. ती बाळाचे वजन व ताप पाहते, कावीळ दिसते का हे तपासते, दूध पाजण्यास बसविते, न्हाणीघर धुते आणि मोठ्या भावंडालाही सांभाळते.

आजी आणि परिचारिका यांना परस्परांची भाषा येत नव्हती. तीन दिवस दोघींत एक मूक वाद चालू होता. आजी बाळाला टोपी घालीत, परिचारिका ती काढी. घरात टोपी असली की बाळाचे अंग प्रमाणाबाहेर तापते, असे तिचे म्हणणे. आजी बाळाच्या डोक्याखाली मऊ उशी ठेवीत, ती उशी उचलून कपाटात ठेवली जाई. बाळाने पाठीवर, उशीविना, पांघरूण तोंडावर येणार नाही अशा रीतीने निजावे, हा तेथील नियम. झोपेत होणारे आकस्मिक बालमृत्यू टाळण्यासाठी तो सांगितला जातो. ओव्याच्या धुरीचा प्रश्न तर पहिल्याच दिवशी निकालात निघाला. तेथे १ जुलै २०२२ पासून प्रत्येक घरात, प्रत्येक मजल्यावर धूर ओळखणारी घंटा सक्तीची आहे. निखाऱ्यावर ओवा पडताच ती अशी कर्कश वाजली की शेजारी धावत आले.

चौथ्या दिवशी परिचारिकेने रबरी पिशवीत गरम पाणी भरून बाळाच्या गादीत ऊब निर्माण केली आणि बाळ येण्याआधी ती पिशवी नीट तपासून दूर सारली. आजी हे पाहत होत्या. शेगडीच्या शेकाचा उद्देश याहून निराळा काय होता? त्या दिवसापासून टोपीचा वाद मिटला. तेल लावून मालिश करण्यास परिचारिकेची हरकत नव्हती, उलट आजींचे हात किती हलके चालतात हे ती थांबून पाही. घुटीबाबत मात्र लेकीनेच स्पष्ट सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, पाणीसुद्धा नाही. मध तर वर्षाच्या आतील बाळाला देऊच नये, त्यातून जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. आजींच्या घरात मध वर्ज्यच असल्याने त्यावर वाद झाला नाही.

आठव्या दिवशी परिचारिकेने निरोप घेण्यापूर्वी घरात एक छोटा समारंभ झाला. बाळ झाल्यावर तेथे गोल टोस्टवर लोणी लावून त्यावर साखरेत घोळविलेल्या बडीशेपेसारख्या ॲनिसच्या गोळ्या भुरभुरवितात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला देतात. ‘बेस्खाउट मेट माउश्येस’ असे त्याचे नाव. मुलगा झाला तर निळ्या-पांढऱ्या, मुलगी झाली तर गुलाबी-पांढऱ्या गोळ्या. या दाण्यांनी आईला दूध येते, अशी तेथील जुनी समजूत. आजींनी आपल्या डब्यातील बडीशेप काढून तिच्या तळहातावर ठेवली. दोघी हसल्या. त्या हसण्याला दुभाष्याची गरज पडली नाही.

तीन दिवसांत नाव

नेदरलँड्समध्ये बाळाच्या जन्माची नोंद तीन दिवसांच्या आत, ज्या गावी जन्म झाला त्या नगरपालिकेत करावी लागते आणि त्याच वेळी नावही नोंदवावे लागते. आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी आणि नाव ठेवण्याचा मान आत्याचा. पहिल्या मुलीच्या वेळी वडिलांना हा अनुभव आलेला असल्याने या खेपेस पुण्याच्या आत्याला आधीच कळविले होते. जन्माची वेळ समजताच जालन्याहून राशीचे अक्षर आले आणि आत्याने फोनवरून नाव सांगितले. वडिलांनी नगरपालिकेत ते लिहिताना एकेक अक्षर तीनदा तपासले. तेथे पुढे पहिले नाव बदलायचे झाल्यास न्यायालयात जावे लागते. शिवाय जन्मदाखल्यावर जसे नाव, तसेच भारतीय पासपोर्टवर येते. आडनावाच्या एका अक्षराची चूक पुढे शाळा, बँक आणि वारसाहक्क अशा सर्व ठिकाणी त्रास देते. वडिलांनी दाखल्याची अनेक भाषांतील आंतरराष्ट्रीय प्रत मागून घेतली, त्यामुळे भाषांतराचा खर्च आणि वेळ वाचला.

हॉलंडमध्ये जन्मले म्हणून बाळाला तेथील नागरिकत्व मिळत नाही. आई-वडील दोघेही भारतीय नागरिक असल्याने बाळ भारतीयच, परंतु परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात व्हावी लागते. मुलाकडे अन्य देशाचा पासपोर्ट नाही, असे आई-वडिलांना लिहून द्यावे लागते. हेग येथील दूतावासासाठी अर्ज तयार झाला आणि सारे घर फोटोपाशी अडले. पांढरी पार्श्वभूमी, उघडे डोळे, मिटलेले तोंड, सावली नाही आणि कोणाचा हात दिसता कामा नये. बारा दिवसांच्या बाळाला हे कोण समजावणार? पांढऱ्या चादरीवर निजवून पन्नासेक फोटो काढल्यावर एक मनासारखा मिळाला. डिसेंबरच्या मध्यास पासपोर्ट हाती आला.

आजींना वाटले, आता तिकिटे काढावीत. परंतु आणखी एक कागद शिल्लक होता. बाळाला त्या देशात राहण्याचा परवाना स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. पासपोर्टवर बाळ भारतात येऊ शकले असते, पण परवान्याचे कार्ड नसताना परत जाण्याचा प्रश्न उभा राहिला असता. आईची नोकरी तिकडे, मोठ्या मुलीची शाळा तिकडे, आणि दुधावरचे बाळ इकडे अडकले तर?

डिसेंबरमधला फोन

याच सुमारास जालन्याहून फोन आला. पणजी न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया ठरली. त्या वयात भूल देणे किती जोखमीचे, हे डॉक्टरांनी लपविले नव्हते. सासरेबुवा एरवी कधी आग्रह न करणारे गृहस्थ, पण त्या दिवशी त्यांनी म्हटले, “कागद मागाहून होतील. बाळाला घेऊन निघा.”

त्या रात्री ॲमस्टलव्हेनच्या घरात कोणी नीट झोपले नाही. सुनेचे मन निघण्याकडे ओढत होते. पणजींनीच तिला लग्नानंतर या घरच्या चालीरीती शिकविल्या होत्या. दुसरीकडे सहा आठवड्यांचे बाळ, ऐन थंडी, आणि परतीची खात्री नाही. सकाळी आजींनी लाल वही उघडली. बारीकसारीक खर्च लिहावा तसे त्यांनी एका बाजूस जाण्याचा लाभ आणि दुसऱ्या बाजूस संभाव्य हानी लिहिली. मग जावयांना म्हणाल्या, “तुम्ही एकटे जा. मी ३ जानेवारीपर्यंत येथे आहे. लेकीला आणि मुलांना मी सांभाळते.” व्याह्यांना फोनही त्यांनीच केला. मुलीच्या आईने मुलाच्या वडिलांना नकार कळविणे सोपे नसते. आजींनी परवान्याचा मुद्दा शांतपणे समजावून सांगितला. पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग सासरेबुवा म्हणाले, “आपण म्हणता ते बरोबर आहे, व्याहीणबाई.”

नातू आठ दिवसांसाठी जालन्याला गेला. शस्त्रक्रिया पार पडली. पणजींना त्याने फोनवर पणतू दाखविला. त्या पडद्यावर बोट ठेवून पुसत राहिल्या, कारण चित्र धूसर आहे असे त्यांना वाटत होते.

इकडे आजींचे दिवस लहान होत गेले होते. डिसेंबरात तेथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. नवकारशी साडेनऊनंतर आणि चौविहार साडेचारच्या आत, म्हणजे सारे जेवणखाण सात तासांत आटपावे लागे. बाळंतिणीला त्यांनी या नियमातून मोकळे ठेवले, स्वतः मात्र पाळला. नातीला शाळेतून आणायला त्या सव्वादोनलाच निघत. शाळेतून येताना मिळालेल्या गोळ्या-चॉकलेटांच्या वेष्टनावर जिलेटिन आणि ई-१२० हा किड्यांपासून केलेला लाल रंग कोठे लिहिलेला असतो, हे चार वर्षांच्या नातीनेच त्यांना शिकविले. चीज घेताना त्यातील विरजण प्राणिज तर नाही ना, हेही पाहावे लागे.

या नातीचीही एक कथा आहे. भाऊ आल्यावर पहिले काही दिवस ती गप्प झाली, पुन्हा बाटलीने दूध मागू लागली. परिचारिकेने जाण्यापूर्वी तिला एक काम नेमून दिले होते, बाळाचा स्वच्छ लंगोट आणून देणे. आजींनी त्यात भर घातली. वहीतील रोजचा आकडा खोडण्याचा मान तिला दिला. नव्वदातून वजाबाकी करीत ती मुलगी मराठी आकडे उलटे म्हणायला शिकली. ३ जानेवारीला वहीत शून्य उरले, तेव्हा ती पेन्सिल टाकून रडू लागली. आजी एकट्याच विमानात बसल्या.

अखेर प्रवास

आजी गेल्यावर वडिलांनी राखून ठेवलेली रजा उपयोगी पडली. नेदरलँड्समध्ये बाळ झाल्यावर वडिलांना एक आठवडा पूर्ण पगारी रजा असते आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत आणखी पाच आठवडे ७० टक्के मोबदल्यावर घेता येतात. आईची बाळंतपणाची रजा एकूण सोळा आठवड्यांची. दोघांच्या रजा एकाच वेळी न संपविता एकामागून एक लावल्या, म्हणून आजींच्या जाण्याने घर कोलमडले नाही.

फेब्रुवारीच्या मध्यास परवान्याचे कार्ड आले. ठरलेल्या पहिल्या लसी पूर्ण करून मार्चच्या मध्यास चौघे निघाले. बाळ साडेचार महिन्यांचे होते.

ॲमस्टरडॅम ते मुंबई हा थेट प्रवास साडेआठ ते नऊ तासांचा. दोन वर्षांखालील बाळाला वेगळे आसन नसते आणि आंतरराष्ट्रीय तिकीट साधारणतः प्रौढ भाड्याच्या दहा टक्के पडते. समोरच्या भिंतीला अडकविण्याचा पाळणा मिळतो, पण त्यांची संख्या मोजकी आणि वजनाची मर्यादा कंपनीगणिक निराळी, म्हणून तिकिटाबरोबरच तो मागून ठेवावा लागतो. बाळाच्या दुधाला सुरक्षा तपासणीतील १०० मिलिलिटरची मर्यादा लागू नसते. विमान उतरू लागले की हवेच्या दाबाने बाळाचे कान दुखतात. त्या वेळी दूध पाजले, तर गिळण्याने दाब सुटतो. आईने ते पाजणे मुद्दाम राखून ठेवले होते. आजूबाजूची दोन बाळे रडत होती, हे मात्र दूध पीत राहिले.

जैन भोजन प्रवासापूर्वी किमान एक-दोन दिवस आधी नोंदवावे लागते. मुलांसाठीचे विशेष जेवण जैन असेलच असे नाही, म्हणून मुलीलाही मोठ्यांचेच जैन भोजन मागविले आणि सोबत खाकरे व मेथीचे ठेपले घेतले. हवाई सुंदरीने प्रेमाने दिलेल्या गोळ्या मुलीने उलटून पाहिल्या आणि वेष्टन वाचता येत नसतानाही गंभीर चेहऱ्याने आईच्या हाती दिल्या.

परतीचा बेतही आधी ठरला होता. वडील दोन आठवड्यांत परत जाणार आणि आई मुलांसह मागाहून. एकट्या पालकाबरोबर मूल असले की तेथील सीमेवरील अधिकारी दुसऱ्या पालकाची लेखी संमती विचारू शकतात. तो कागद वडिलांनी सही करून आईच्या पिशवीत निघण्यापूर्वीच ठेवला.

जालना

पणजी खुर्चीत बसल्या होत्या. काठी बाजूला होती. घरात पाहुण्यांची गर्दी होऊ नये आणि कोणी बाळाचे मुके घेऊ नयेत, असे सासूबाईंनी सर्वांना आधीच बजावले होते. उन्हाळा लागलेला पाहून कोणी चमचाभर पाणी पाजा म्हणाले, तेव्हा “सहा महिने दूधच” हे उत्तरही त्यांनीच दिले.

बाळ मांडीवर आल्यावर पणजींनी आधी त्याच्या हाताची बोटे मोजली, मग पायाची. नाव विचारले. सांगितले, ते पुन्हा विचारले. अलीकडे त्यांच्या ध्यानात राहत नसे. सोन्याची शिडी पाटावर ठेवली गेली. दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना उभे केले. शस्त्रक्रिया झालेला पाय उचलेना, तेव्हा पाच वर्षांकडे झुकलेली पणती पुढे झाली. तिने ती शिडी उचलून पणजींच्या पावलाला टेकविली. रीत झाली.

बार्शीहून आजी-आजोबा आले होते. आजींनी ती लाल वही सोबत आणली होती. शेजारच्या घरातील सुनेची बहीण उट्रेक्टला असते आणि तिला जूनमध्ये दिवस भरत आहेत, म्हणून तिच्या आईने ती मागितली होती. आजींनी वही तिच्या हाती दिली आणि म्हणाल्या, “लाडवांची यादी शेवटच्या पानावर आहे. आधी पहिले पान वाचा. आणि बाळाचा परवाना हाती आल्याशिवाय कोणालाही येण्याची तारीख सांगू नका.”